चढणीतली धाव

गेल्या पावसाळ्यात एका मित्राशी माझा वाद झाला, आणि त्या वादात आपणच चुकलो होतो हे कळायला मला जवळजवळ चार महिने लागले. आम्ही दोघेही संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरचे जुने नादिष्ट. त्याचा ओढा दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांकडे, माझा सेसना १७२ सारख्या साध्या, चार आसनी विमानाकडे. कुणा हौशी मंडळींनी तयार केलेल्या एका लढाऊ विमानाविषयी त्याची तक्रार होती की ते ‘जड’ वाटते, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा, पूर्ण उघडला तरी वेग धरायला फार वेळ लावते. मी त्या विमानाचा चढण्याचा दर मोजला, तो जुन्या चाचणी-अहवालातल्या आकड्याशी जुळला, आणि मी त्याला काहीशा विजयी स्वरात कळवले की ज्याअर्थी चढण बरोबर आहे त्याअर्थी त्वरणही बरोबर असलेच पाहिजे, तेव्हा हा तुझा भास आहे. तो काही बोलला नाही. वादात गप्प बसणारी माणसे पुढे फार त्रास देतात.

माझ्या म्हणण्याला आधार होता, आणि तो आधार आजही मला देखणा वाटतो. सरळ उडणाऱ्या विमानाला इंजिनाकडून जो रेटा मिळतो, त्यातला काही भाग हवेचा विरोध मोडण्यात खर्च होतो आणि उरलेला शिल्लक राहतो. या शिलकीचे वैमानिक दोनच गोष्टी करू शकतो: नाक वर उचलून ती उंचीत गुंतवायची, किंवा नाक क्षितिजावर धरून ती वेगात गुंतवायची. स्थिर वेगाने चढणाऱ्या विमानात सगळी शिल्लक वजन वर ओढण्यात जाते. तेच विमान त्याच वेगाला, त्याच उंचीवर आडवे केले तर तीच शिल्लक वेग वाढवू लागते. म्हणून चढण्याच्या दराला विमानाच्या वेगाने भागले आणि गुरुत्वत्वरणाने गुणले की त्या वेगाचे त्वरण हाती येते. चढण्याचा दर भागिले वेग म्हणजे चढणीच्या कोनाची ‘ज्या’ (साइन). तेव्हा हेच सूत्र असेही सांगता येते की विमान जेवढ्या कोनात चढू शकते त्या कोनाची साइन हेच त्याचे, गुरुत्वाच्या मापात मोजलेले, त्वरण होय.

सेसना १७२ च्या ‘एस’ प्रकाराच्या पुस्तिकेत, पूर्ण भारात म्हणजे २,५५० पौंड वजनाला, समुद्रसपाटीवर ७४ नॉट (तासाला ७४ सागरी मैल) वेगाने मिनिटाला ७३० फूट असा चढण्याचा दर दिलेला आहे. मीटरमध्ये मांडले तर हा दर सेकंदाला ३.७ आणि वेग सेकंदाला ३८ होतो. भागाकार दहाव्या हिश्शाच्या किंचित खाली येतो, म्हणजे चढणीचा कोन साधारण साडेपाच अंशांचा. म्हणजेच ७४ नॉटला आडवे धरलेले हे विमान गुरुत्वाच्या एक-दशांश त्वरणाने, सेकंदाला पावणेदोन ते दोन नॉटच्या दरम्यान, वेग पकडेल. फूट-मिनिट आणि नॉट यांतच काम करणाऱ्यांसाठी मी एक तोंडी हिशेब बसवला आहे: चढण्याच्या दराला वेगाने भागावे आणि उत्तराला पुन्हा सव्वापाचाने भागावे, की सेकंदाला किती नॉट ते मिळते. पुस्तिकेत त्वरणाचा तक्ता कुठेही नाही, पण चढणीच्या तक्त्यात तो मुकाट बसलेला आहे.

कागदावर पटलेली गोष्ट पडद्यावर पाहावी म्हणून मी सिम्युलेटरमध्ये हवा प्रमाणित करून घेतली: १५ अंश तापमान, १०१३ हेक्टोपास्कल दाब, वारा शून्य. इंधन खर्च होऊन वजन बदलू नये म्हणून टाकी गोठवली. चढण्याचा दर दाखवणाऱ्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही. खऱ्या विमानातला हा काटा काही सेकंद मागे असतो आणि चांगल्या सिम्युलेटरमध्ये तो आळसही इमानाने उतरवलेला असतो. त्याऐवजी ५०० फुटांपासून १,५०० फुटांपर्यंत ७४ नॉट घट्ट धरून चढायचे, स्टॉपवॉच लावायचे, खाली यायचे आणि पुन्हा चढायचे. उड्डाण-चाचणी करणारे खरे अभियंते हेच करतात आणि आलेखावर ही ये-जा करवतीच्या दात्यांसारखी दिसते, म्हणून तिला नावही तसेच पडले आहे. माझा दाता सरासरी ८५ सेकंदांचा निघाला, म्हणजे हजार फुटांच्या आसपास मिनिटाला सुमारे ७०५ फूट. उंचीबरोबर इंजिन थोडे थकते, तेव्हा पुस्तिकेशी हे सुसंगतच होते.

आता दुसरी बाजू. हजार फुटांवर विमान आडवे ठेवून, कमी वेगापासून थ्रॉटल पूर्ण उघडून, ६९ नॉटपासून ७९ नॉटपर्यंत जायला किती वेळ लागतो ते पाहायचे. इथे मला सूत्रापेक्षा ऊर्जेची भाषा सोयीची वाटते. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, इतक्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला तो वेग मिळतो. तेव्हा प्रत्येक वेगाला त्याची अशी एक उंची चिकटवता येते. ६९ वरून ७९ नॉटवर जाणे म्हणजे या हिशेबाने ६५ फूट चढणे. मिनिटाला ७०५ फुटांच्या दराने ६५ फुटांना साडेपाच सेकंद लागतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात आठ सेकंद लागले.

मी बराच वेळ सिम्युलेटरला दोष देत होतो. मग नोंदींची फाईल उघडली आणि दिसले की त्या आठ सेकंदांत विमान ३० फूट वर सरकले होते. थ्रॉटल उघडला की नाक उचलते, वेग वाढला की आणखी उचलते, आणि ते दाबून धरायला माझा हात कमी पडला होता. तीस फूट म्हणजे उंचीमापकाच्या मोठ्या काट्याची जेमतेम एक-दोन घरे. पण ६५ अधिक ३० म्हणजे ९५ फूट, आणि ७०५ च्या दराने ९५ फुटांना बरोबर आठ सेकंद लागतात. चुकलेल्या प्रयोगाने सिद्धांत सिद्ध केल्याचा इतका निखळ आनंद मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता. तिथे चुकलेले वाचन खोडून शेजाऱ्याचे उतरवून घेण्याची पद्धत होती. नंतर उंची नीट धरून केलेल्या पाच प्रयत्नांत साडेपाच ते सहा सेकंदांच्या दरम्यान उत्तरे आली.

याच प्रयोगात एक बारकावा हाती लागला, जो मला आधी माहीत असायला हवा होता. चढण्याचा दर ७४ नॉटला सर्वाधिक असतो, म्हणून त्वरणही तिथेच सर्वाधिक असेल असे मी गृहीत धरले होते. पण त्वरण ठरते चढणीच्या कोनावर, आणि सर्वांत उभ्या चढणीचा वेग त्याच पुस्तिकेत ६२ नॉट दिला आहे. मिनिटाला मिळणारी उंची तिथे थोडी कमी असते, पण भागाकारातला छेदही लहान असतो. म्हणजे ज्या वेगाला विमान सर्वांत लवकर उंची गाठते, त्या वेगाच्या आधीच त्याच्या धावेचा जोर ओसरू लागलेला असतो.

खुर्चीत बसून हे सारे करताना एक गोष्ट कायम खटकते: पाठीला काही जाणवत नाही. त्वरण डोळ्यांनी, काट्यावरून वाचावे लागते. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी सहा पायांवर उभी असलेली मोठी सिम्युलेटर-खोली या अडचणीवर जी युक्ती करते ती आमच्या सूत्राचीच सख्खी बहीण आहे. खोली काही धावपट्टीवर धावू शकत नाही, म्हणून बाहेरचे दृश्य आडवे ठेवून ती हळूच मागे कलवली जाते. गुरुत्व पाठीवर येते आणि मेंदूला वाटते की आपण वेग घेत आहोत. एक-दशांश त्वरण भासवायला पावणेसहा अंशांचा कल पुरतो, म्हणजे जवळजवळ तोच कोन ज्यात सेसना चढते. कानातल्या ज्या इंद्रियाने आपण तोल सांभाळतो त्याला कल आणि त्वरण यांतला फरक कळत नाही. या फसवणुकीची उलट बाजू मात्र जीवघेणी आहे: अंधाऱ्या रात्री, खाली दिवे नसताना उड्डाण केलेल्या वैमानिकाला वाढत्या वेगामुळे नाक फार वर गेल्यासारखे वाटते, तो ते खाली दाबतो, आणि नुकत्याच सोडलेल्या जमिनीकडे विमान पुन्हा वळते. अशा भासामुळे झालेल्या अपघातांची यादी लांब आहे. माझा मित्र ‘जड वाटते’ म्हणाला तेव्हा मी त्याला हा सगळा भाग ऐकवला होता. शरीरावर भरवसा ठेवू नये, हे माझे तात्पर्य. आणि त्याची खुर्ची तर हलतही नव्हती, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

महायुद्धातल्या विमानांच्या शौकिनांना चढणीवरून त्वरण काढण्याची गरज फार पडते, कारण त्या काळच्या अहवालांत कमाल वेग आणि चढण्याचा दर आकड्यांत सापडतात, त्वरण मात्र बहुधा शब्दांत. २३ जून १९४२ रोजी आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशाभूल होऊन आपले फॉक-वुल्फ १९० हे लढाऊ विमान वेल्समधल्या पेम्ब्री विमानतळावर उतरवून बसला आणि ब्रिटिशांच्या हाती त्यांच्या सर्वांत मोठ्या डोकेदुखीचा धडधाकट नमुना आयता आला. त्या विमानाची ब्रिटिशांच्या स्पिटफायर या लढाऊ विमानाशी शेजारी-शेजारी उडवून तुलना झाली. स्पिटफायरच्या ‘पाच-बी’ प्रकारापेक्षा फॉक-वुल्फ २५,००० फुटांपर्यंत मिनिटाला सुमारे ४५० फूट अधिक चढत होते, असा त्या चाचणीचा निष्कर्ष होता.

हे ४५० फूट धावेत किती होतात? दोन्ही विमाने जमिनीलगत १६० नॉटच्या आसपास आहेत असे धरले, तर त्वरणातला फरक गुरुत्वाच्या छत्तिसाव्या भागाइतका येतो. हा आकडा पाहून मी थबकलो, कारण बोरघाटातल्या रेल्वेमार्गाची सर्वांत तीव्र चढण सदतिसात एक आहे. मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोडइंजिने लागतात आणि गाडीत बसलेल्याला खिडकीतून चढ मुश्किलीने दिसतो, तो हाच चढ. स्पिटफायरचा वैमानिक जणू सपाटीवरून न धावता बोरघाटातून धावत होता. फरक पडतो सेकंदाला ताशी एक किलोमीटर. वीस सेकंदांनी तो सुमारे ५५ मीटर मागे पडतो, तीस सेकंदांनी १२० मीटर. आज पडद्यावर हे अंतर किरकोळ दिसते, पण मागून गोळ्या झाडणाऱ्याच्या पल्ल्यातून निसटायला ते पुरे असावे.

त्याच अहवालात आणखी एक निरीक्षण आहे, आणि मी ते वाद चालू असताना वाचूनही पुढे गेलो होतो: दोन्ही विमाने मोठ्या वेगात असताना एकदम चढणीला लावली तर जर्मन विमानाची सरशी अधिकच ठळक होते. त्याकडे मी परत येईन.

माझे बालपण नाशिकला गेले. ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठीच उभा राहिला, आणि आमच्या लहानपणी द्राक्षबागांवरून तिथली विमाने चाचणीसाठी जात तेव्हा आम्ही आवाजाच्या मागे बघायचो आणि विमान केव्हाच पुढे गेलेले असायचे. सेसनाच्या यशानंतर मी साहजिकच सिम्युलेटरमधल्या मिगकडे वळलो आणि तिथे सूत्राने हात टेकले. सेकंदाला ३०० मीटर वेगाने जाणारे विमान सेकंदाला २२५ मीटर चढते आहे असे समजा. कोन जवळजवळ ४९ अंशांचा झाला. इतक्या उभ्या चढणीत पंखांना वजनाचा दोन-तृतीयांश भागच पेलावा लागतो, इंजिनालाही वजनाचा मोठा भाग ओढावा लागतो, आणि उचल, म्हणजे विमानाला हवेत धरणारे पंखांचे बल, निर्माण करण्यापायी जो विरोध सोसावा लागतो तो निम्म्याहूनही कमी होतो. विमान आडवे केले की तो विरोध परत येतो. साडेपाच अंशांवर ही चूक नगण्य असते, पन्नास अंशांवर नसते.

दुसरी गफलत वेगमापकाची. काट्यावर एकच आकडा धरून वर जात राहिलो तर हवा विरळ होत जाते आणि खरा वेग मुकाट्याने वाढत राहतो. म्हणजे ‘स्थिर वेगाची’ म्हणून जी चढण आपण मोजतो तिच्यातही शिलकीचा काही वाटा वेगात जातच असतो. सेसनाच्या वेगाला हा वाटा शेकडा एकही भरत नाही, पण सेकंदाला २५० मीटर वेगाला तो चढणीच्या जवळजवळ तीस टक्क्यांइतका होतो. आणि भागाकारात खरा वेगच घ्यावा लागतो. वीस हजार फुटांवर काट्यावरच्या वेगाने भागणारा आपल्या विमानाला तिसऱ्या हिश्शाहून अधिक फुकटचे त्वरण बहाल करतो. अशी बहाली मी स्वतः, स्प्रेडशीटमधल्या एका चुकीच्या स्तंभामुळे, पंधरा दिवस करत होतो.

तिसरी आणि सर्वांत मोहक गफलत म्हणजे आधी साठवलेल्या वेगावर चढणे. सेकंदाला २५० मीटर वेग म्हणजे सुमारे ३,२०० मीटर उंचीची पुंजी. ती उधळत नाक वर केले की काटा अद्भुत आकडे दाखवतो आणि नवखा खेळाडू त्यांचे छायाचित्र काढून मिरवतो. विक्रमवीरही हीच पुंजी वापरतात, फक्त हिशेबाने. १९७५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेच्या वायुदलाने खास हलक्या केलेल्या एका एफ-१५ लढाऊ विमानाने ३०,००० मीटर उंची २०७.८ सेकंदांत गाठली, त्यात खालच्या थरांत कमावलेल्या वेगाचा मोठा वाटा होता. उंची आणि वेग यांची एकत्र पुंजी मोजून चढणीचा मार्ग आखण्याची रीत अभियंते एडवर्ड रुटोवस्की यांनी १९५४ मध्ये मांडली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी वायुदलातले वैमानिक जॉन बॉइड आणि गणितज्ञ टॉमस ख्रिस्ती यांनी फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर, सरकारी संगणकाचा वेळ परवानगीशिवाय वापरून, अमेरिकी आणि सोव्हिएत विमानांच्या या शिलकीचे नकाशे काढले. त्या नकाशांत प्रत्येक उंची आणि प्रत्येक वेग यांच्या छेदावर एक वेगळा आकडा असतो. ‘या विमानाची शिल्लक किती’ हा प्रश्न तिथे अपुराच ठरतो. कोणत्या वेगाला, कोणत्या उंचीवर, हे विचारावेच लागते.

हे वाचत असताना मला मित्राची आठवण झाली. मी त्याच्या विमानाची चढण १६० नॉटला मोजली होती, कारण अहवालात तोच वेग होता. तो मात्र थ्रॉटल उघडत होता शत्रूच्या मागे लागताना, अडीचशे नॉटच्या आसपास. चढणीचा एक आकडा म्हणजे वक्ररेषेवरचा एक बिंदू. त्यावरून त्या एकाच वेगाचे त्वरण कळते, शेजारच्याही वेगाचे नाही. दुसरा बिंदू कमाल वेगाचा, जिथे शिल्लक शून्य होते, आणि हे दोन बिंदू हाती असले तर मधली रेषा बऱ्यापैकी ओढता येते. मी दुसरा बिंदू तपासलाच नव्हता. तपासला तेव्हा ते विमान अहवालापेक्षा सुमारे २० नॉट कमी धावत होते. वरच्या वेगाला विरोध गरजेपेक्षा जास्त होता, म्हणजे अडीचशे नॉटला शिल्लक खरोखरच कमी होती, आणि मित्राच्या डोळ्यांनी ते बरोबर टिपले होते. फॉक-वुल्फची सरशी वेगात असताना वाढते हे ब्रिटिशांचे वाक्य हेच सांगत होते: चढणीच्या वेगाला मोजलेला फरक सगळ्या वेगांना लागू होत नाही.

मी त्याला फोन करून हे सांगितले. ‘मग आता दुरुस्त कर,’ एवढेच तो म्हणाला.

सिम्युलेटर मुक्त स्रोताचा आणि विमानाची सारी गणिते साध्या मजकुराच्या फायलीत, म्हणून दुरुस्ती शक्य होती. विरोधाचा मूळ गुणांक साधारण पाचव्या हिश्शाने कमी केला, तसा कमाल वेग जुळला, पण चढणीचा दर मिनिटाला दीडशे फुटांनी फुगला, कारण तो गुणांक खालच्या वेगालाही थोडासा लागतोच. चढण खाली आणायची तर इंजिनाची ताकद कमी करता येत नाही, नाहीतर कमाल वेग पुन्हा घसरतो. तेव्हा कमी वेगाला प्रोपेलरची कार्यक्षमता किती, या तक्त्याला हात घालावा लागतो. काल रात्री त्या तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीतला आकडा ०.७८ वरून ०.७५ वर आणला आहे. चढण अजून चाळीस फूट जास्त येते, आणि २२० ते २५० नॉटची धाव मोजायला मित्र रविवारी येणार आहे.